‘डमकाऊ’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

(न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मरणार्थ निफाड येथे दिलेले व्याख्यान)



ज्या गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, ज्या गावच्या कचेरीत त्यांचे वडील कारकुनी करीत होते आणि जेथून ते कुटुंब पुढे कोल्हापुरास गेले, त्या गावी त्यांच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. न्यायमूर्तींच्या अर्थशास्त्रावर, त्यांच्या इतिहासदृष्टीवर, त्यांच्या धर्मविचारावर अधिकारी पुरुषांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. मी मात्र आज आपणापुढे एक अगदी लहान वस्तू ठेवणार आहे : एक इंग्रजी क्रियापद, जे इंग्लंडातील सामान्य माणसाला आज ठाऊक नाही, आणि जे कोशांच्या पानांपलीकडे बहुधा कोठे आढळत नाही. परंतु मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपणे लिहिणारे, १८७८ साली लोकहितवादींच्या समवेत पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविणारे आणि भाषेची स्थिती हे समाजाच्या स्थितीचे गमक मानणारे रानडे ज्या गावचे, त्या गावी एका शब्दाची कुळकथा सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

ते क्रियापद म्हणजे ‘डमकाऊ’. त्याचा अर्थ, एखाद्याला दटावून, डोळे वटारून, आवाज चढवून गप्प बसविणे. आणि त्याचे धातुसाधित विशेषण लाविले म्हणजे ज्याला असे गप्प बसविले गेले तो मनुष्य. हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत, छावणीत, बंगल्यात, निळीच्या मळ्यात आणि जिल्ह्याच्या कचेरीत, हा शब्द रूढ होता. त्याची नोंद कर्नल हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल या दोन विद्वानांनी सिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या सुप्रसिद्ध कोशात सापडते. यूल हे बंगालच्या इंजिनिअर पलटणीतील अधिकारी आणि मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचे संपादक; बर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील संस्कृतज्ञ. बर्नेल १८८२ साली निवर्तले, आणि यूल यांनी एकट्याने ते कार्य तडीस नेऊन १८८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला; विल्यम क्रुक यांनी सुधारून वाढविलेली त्याची दुसरी आवृत्ती १९०३ साली निघाली. कोशाचे नावच किती बोलके आहे पाहा. मोहरमच्या ताबुतांपुढे ऊर बडवीत जाणाऱ्या मुसलमान बांधवांच्या मुखातून ‘या हसन, या हुसेन’ असा जो आक्रोश निघतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानी पडून ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाला, म्हणजे इंग्लंडातील दोन सामान्य आडनावांची जोडगोळी झाली. परकीयाचा शोक आपल्या कानाच्या सोयीप्रमाणे वळवून घेण्याची ही जी क्रिया, तिचेच नाव यूल यांनी समजून-उमजून आपल्या ग्रंथास दिले. आणि आपण ज्या क्रियापदाचा विचार करणार आहोत ते याच क्रियेचे अपत्य आहे.

‘डमकाऊ’ची उत्पत्ती यूल-बर्नेल यांनी अशी सांगितली आहे. हिंदुस्थानी भाषेत ‘दम खाना’ असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ मौन धरणे, थांबणे, श्वास आवरून स्वस्थ राहणे. त्याचे आज्ञार्थी रूप ‘दम खाओ’. हे रूप इंग्रज साहेबाने आपल्या नोकराच्या, मुनशीच्या, जमादाराच्या तोंडून वारंवार ऐकिले असेल, आणि त्याहून अधिक वेळा स्वतः उच्चारिले असेल. पुढे त्याने त्या आज्ञेलाच सबंध धातू मानून इंग्रजी प्रत्यय जोडले, आणि ‘मी त्याला दम-खाओ केले’ अशा धाटणीचे क्रियापद बनविले. त्यात इंग्रजी कानाने आणखी एक भर घातली. इंग्रजीत मुक्या माणसाला ‘डम’ म्हणतात, आणि ‘काउ’ असे एक क्रियापद आहे, जे गाय या अर्थाच्या नामाशी संबद्ध नसून बहुधा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आलेले आहे व ज्याचा अर्थ धाकाने वाकविणे असा होतो. ‘दम’मध्ये इंग्रजाला ‘डम’ ऐकू आला, ‘खाओ’मध्ये ‘काउ’ ऐकू आला. आणि या दोन स्वदेशी शब्दांच्या छायेखाली त्या परदेशी वाक्प्रचाराचा वर्णही बदलला आणि अर्थही बदलला. जो शब्द ‘स्वस्थ राहा’ असे सांगत होता, तो ‘धाक घालून मुका करणे’ असे सांगू लागला.

आता या शब्दातील पहिला घटक जो ‘दम’, त्याच्याकडे मराठी माणसाने थोडे थांबून पाहिले पाहिजे. कारण तो आपल्या घरातला आहे. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीत त्याचा मूळ अर्थ श्वास, फुंकर; आणि श्वासास लागतो तितका काळ तो क्षण, म्हणून ‘एकदम’ आणि ‘हरदम’. आपल्या मराठीत या एका अक्षरद्वयाने केवढा संसार थाटिला आहे! चढण चढताना दम लागतो. सावलीस बसून आपण दम खातो. भाव येईपर्यंत कांदा चाळीत ठेवणारा निफाडचा शेतकरी दम धरतो. पोहणारा तळाशी जाऊन येईपर्यंत दम कोंडतो. धावणाऱ्याची दमछाक होते. म्हातारा माणूस चढावर ‘दमानं चला’ म्हणून मागून हाक देतो. ज्या बैलजोडीत बळ आहे ती दमदार, ज्या बोलण्यात तथ्य नाही त्यात दम नाही, ज्याला श्वासाचा विकार आहे त्याला दमा. श्वासापासून धीर, धीरापासून सामर्थ्य, सामर्थ्यापासून विश्वास, असा हा अर्थाचा प्रवाह वाहत आला आहे, आणि त्यात आपल्या लोकांचे कष्टमय जीवन जसेच्या तसे उमटलेले आहे. कारण दम हा शब्द इतक्या नानाविध रीतींनी योजण्याची आवश्यकता ज्याला ओझे वाहावे लागते त्यालाच पडते.

येथे एका मनोज्ञ योगायोगाचा उल्लेख केला पाहिजे. संस्कृतातही ‘दम’ आहे : शम-दमादी साधनसंपत्तीतील दम, म्हणजे इंद्रियनिग्रह. तो आणि फारसीचा दम दिसण्यात एक असले तरी कुळाने भिन्न आहेत. फारसी दमाचा संस्कृतातील भाऊबंद आहे तो ‘ध्मा’ हा धातू, ज्याचे ‘धमति’ हे रूप फुंकण्याच्या अर्थी येते. संस्कृत दमाचे नातलग मात्र पश्चिमेकडे पसरलेले आहेत. लॅटिनमध्ये वश करण्याच्या अर्थी जो धातू आहे तो, आणि खुद्द इंग्रजीत रानटी पशू माणसाळविणे या अर्थी ‘टेम’ हे जे क्रियापद आहे तेही, आपल्या ‘दमन’ शब्दाच्या गोत्रातील आहेत. म्हणजे इंग्रज माणसाने श्वासाचा दम उचलिला आणि त्याला नकळत दमनाचा अर्थ चिकटविला. ध्वनिसादृश्यामुळे हे घडले, असे भाषाशास्त्र सांगेल आणि ते खरेच आहे. परंतु अनेक सादृश्यांतून नेमके हेच सादृश्य का फळले, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

इतिहासात शोधू लागताच ध्यानात येते की ‘डमकाऊ’ हे एकुलते एक लेकरू नव्हे. त्याची भावंडे त्याच कोशात ठिकठिकाणी नोंदविलेली आहेत, आणि एकाच्या नोंदीतून दुसऱ्याच्या नोंदीकडे बोट दाखवून कोशकारांनी ते कुटुंब आपल्यासाठी एकत्र आणिले आहे. ‘पकडाओ’पासून ‘पकरो’ : हट्टी ‘नेटिवा’स धरून आणणे. ‘बनाओ’पासून ‘बनाउ’ : खोटी गोष्ट रचणे. ‘लगाओ’पासून ‘लगाउ’ : नाव किंवा गलबत काठाशी लावणे. ‘फुसलाओ’पासून ‘फूझिलो’ : गोड बोलून वळविणे. ‘घबराओ’पासून ‘गबराउ’ : धाकदपटशाने एखाद्याची गाळण उडविणे. आणि या सर्वांत माझ्या मनास अधिक लागलेले ते ‘समझाओ’पासून झालेले ‘समजाउ’, ज्याचा अर्थ सांगताना कोशकारांनी स्पष्ट म्हटले आहे की त्यात बहुधा शारीरिक बळजोरीची सूचना असते. साऱ्या जगाला परिचित झालेला ‘शांपू’ हा शब्दही मुळात याच मार्गाने, ‘चांपो’ म्हणजे अंग चेप, रगड, या आज्ञेपासून आला. पाटण्याचे दीन महंमद यांनी ब्रायटन येथील आपल्या स्नानगृहात ही विद्या इंग्रज उमरावांस दाखवून तिच्यावर १८२२ साली ग्रंथही प्रसिद्ध केला, आणि पुढे रगडण्याचा अर्थ मागे पडून केस धुण्याचा तेवढा राहिला. सोजिरांच्या बोलीतील ‘डेक्को’ हे ‘देखो’चेच रूप होय.

या सर्व शब्दांची जडणघडण ताडून पाहिली म्हणजे तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली, जे आज्ञार्थ होते त्याचाच मूळ धातू झाला. दुसरी, जे अकर्मक होते ते सकर्मक झाले : ‘घबराना’ म्हणजे स्वतः गोंधळून जाणे, ‘दम खाना’ म्हणजे स्वतः थांबणे, परंतु ‘गबराउ’ म्हणजे दुसऱ्याला गोंधळविणे आणि ‘डमकाऊ’ म्हणजे दुसऱ्याला थांबविणे. आणि तिसरी, हे जे नवे कर्म वाक्यात आले ते बहुतेक ठिकाणी एक मनुष्य होते, या देशातला मनुष्य. मूळच्या वाक्प्रचारात तो कर्ता होता. श्वास त्याचा होता, संयम त्याचा होता, घाबरणे वा न घाबरणे हे त्याच्या मनाचे व्यापार होते. भाषांतराच्या या प्रवासात त्याची कर्त्याची जागा गेली आणि तो कर्मस्थानी जाऊन बसला. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून शाळेतले प्रत्येक मूल कर्ता, कर्म, क्रियापद ही त्रयी पाठ करीत आले आहे. परंतु एका सबंध राष्ट्राचे कर्त्यातून कर्मात झालेले रूपांतर इतक्या थोडक्या अक्षरांत क्वचितच वाचावयास मिळेल.

मी हे कोणाविषयी आकस धरून बोलत नाही. परक्या भाषेतले जे रूप कानावर अधिक वेळा पडते तेच माणूस उचलतो, हा सर्व देशांचा अनुभव आहे. साहेबाचा आणि त्याच्या चाकरांचा बहुतेक व्यवहार हुकमांचा असल्यामुळे त्याच्या जिभेवर हुकमाची रूपे खिळली, यात जाणूनबुजून केलेला दुष्टावा नव्हता. आणि नेमके म्हणूनच ती साक्ष अधिक विश्वसनीय आहे. सरकारी खलित्यांत, जाहीरनाम्यांत, राणीच्या १८५८ च्या घोषणेत मनुष्य काय बोलावयाचे ते योजून बोलतो. क्रियापद मात्र न योजता बोलून जाते. या देवघेवीची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. रात्री पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाने ‘कोण येतो तेथे?’ असा जो इंग्रजी प्रश्न विचारावा, तो आपल्या शिपायांच्या तोंडी ‘हुकूमदार’ झाला. साधा प्रश्न होता. आपल्या लोकांस त्यात हुकूम ऐकू आला. बोलणारा आज्ञेपलीकडे बोलत नाही आणि ऐकणारा प्रश्नातही आज्ञाच ऐकतो, अशी स्थिती जेथे उभयपक्षी झाली, तेथे दोन भाषा शेजारी नांदल्या खऱ्या, परंतु त्यांचे संभाषण झाले असे म्हणता येत नाही.

उसनवारी याहून निराळ्या प्रकारेही होऊ शकते, हे दाखविण्यास मराठीचाच दाखला पुरेसा आहे. बहामनी काळापासून फारसी ही आपल्याकडे दफ्तराची भाषा होती. तिचा रेटा इतका होता की शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा घालण्याचा उद्योग आरंभिला. तरीही जे शब्द लोकजिव्हेवर रुळले ते राहिलेच, आणि १९२५ साली माधवराव पटवर्धनांना त्यांचा स्वतंत्र फारसी-मराठी कोश रचावा लागला. त्या शब्दांची आपण केलेली व्यवस्था पाहा. ‘खर्च’पासून खर्चणे, ‘बदल’पासून बदलणे, ‘गुजर’पासून गुजरणे, ‘फर्मान’च्या कुळातून फर्मावणे. यांतील प्रत्येक क्रियापद मराठीत सर्व काळांत, सर्व पुरुषांत, एकवचनी व अनेकवचनी, कर्तरी आणि कर्मणी चालते. मी खर्चतो, तू खर्चलेस, आम्ही खर्चू. वेळ बदलते आणि माणसेही बदलतात. ज्या शब्दाला ‘मी’ आणि ‘आम्ही’ म्हणता येते तो शब्द आपला झाला. ‘डमकाऊ’ला मात्र हा अधिकार कधी मिळाला नाही. तो शब्द इंग्रजीत तीन पुरुषांत चालविता आला तरी जगात त्याचा कर्ता एकाच बाजूचा राहिला, आणि ती बाजू या देशातून निघून गेली तेव्हा तो शब्दही निराधार झाला.

परंतु मित्रहो, येथवर येऊन थांबणे हा आत्मसंतोष ठरेल. ‘दम’ या शब्दास धाकाचा अर्थ इंग्रजांनीच प्रथम दिला असे नाही. ‘दम देणे’, ‘दम भरणे’, ‘दमदाटी’ हे प्रयोग अस्सल मराठी आहेत. कुळाला सावकाराने दम दिला, गाड्याच्या मजुराला मुकादमाने दम भरला, असे आपण आजही सहज बोलतो. ज्याच्या श्वासाचा तो शब्द, त्याच्याच उरावर तो ठेवण्याची कला आपल्याही समाजाला अवगत होती. आणि ज्यांना शतकानुशतके अरेतुरेच्या आज्ञार्थाखेरीज दुसऱ्या रूपात कोणी संबोधिले नाही असे आपलेच लक्षावधी बांधव याच गोदातीरी राहत आले. जोतीराव फुले यांना १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांकडून गेले, तेव्हा त्यांनी पत्राने दिलेला नकार याच वेदनेतून आला होता. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही तिच्यात आपण मिसळणार नाही, असा त्या पत्राचा आशय. रानड्यांच्या स्मरणार्थ बोलताना त्या नकाराचे स्मरण टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कारण वाङ्मयाच्या सभेत कोण बोलणार आणि कोणी केवळ ऐकावयाचे हा प्रश्न जोतीरावांनी उभा केला, आणि आजच्या आपल्या विषयाचा तोच गाभा आहे.

मग आज्ञार्थावाचून दुसऱ्याची भाषा शिकता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण त्याच कंपनी सरकारच्या लष्करात सापडते. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे असेच एक अधिकारी. त्यांनी आणि जॉर्ज व टॉमस या कॅन्डी बंधूंनी शास्त्रीपंडितांस जवळ बसवून, प्रांतोप्रांतीचे शब्द टिपून, त्यांचे अर्थ एकेकास विचारून पडताळून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश मुद्रित केला. १८५७ साली त्याची विस्तृत दुसरी आवृत्ती निघाली आणि तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. कुणब्याची म्हण, सुताराची संज्ञा, बायकांच्या बोलण्यातील लकबी, हे सारे त्यांनी सारख्याच आदराने नोंदविले. आपल्या लोकांनी त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ म्हणावे, यात केवळ विनोद नव्हता; जो मनुष्य विचारतो आणि ऐकतो त्याला या देशाने नेहमी शास्त्र्याचे आसन दिले आहे. राज्य एकच, पोशाख एकच, सत्ताही एकच. परंतु एका खोलीत ‘दम खाओ’चे ‘डमकाऊ’ होत होते आणि दुसऱ्या खोलीत मराठीचा महाकोश होत होता. भेद इतकाच की पहिल्या खोलीत साहेब बोलत होता आणि दुसऱ्या खोलीत तो ऐकत होता.

न्यायमूर्ती रानड्यांचे सार्वजनिक जीवन मी याच दृष्टीने पाहतो. साहेबी बोलीत ‘समजाउ’ या शब्दाला मारहाणीचा वास येत असता, या पुरुषाने समजावणे हेच आपल्या आयुष्याचे एकमेव शस्त्र केले. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. दुसऱ्या वर्षी रानडे तेथे आले आणि पाहता पाहता ते तिचे अंतःकरण बनले. १८७५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात हिंदुस्थानास प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सभेने अर्ज धाडिला. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळात गावोगावची खरी हकीकत गोळा करून ती सरकारपुढे मांडिली. आणि १८७८ पासून निघालेल्या सभेच्या त्रैमासिकात रानड्यांनी शेतसाऱ्यावर, कर्जबाजारीपणावर, उद्योगधंद्यांवर आकडे आणि प्रमाणे देऊन लेखामागून लेख लिहिले. राज्यकर्त्यांच्या भाषेतील एकूणएक क्रियापदे त्यांना येत होती, आणि ती त्यांनी राज्यकर्त्यांस आपल्या लोकांचे म्हणणे समजावून देण्यासाठी योजिली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारास त्यांचाही संशय आला व त्यांची धुळ्यास बदली झाली. तेथेही त्यांचा आवाज चढला नाही आणि थांबलाही नाही. दम खाणे या वाक्प्रचाराचा जो मूळ, उदात्त अर्थ, म्हणजे श्वास सांभाळून, धीर न सोडता पुढच्या चढणीची तयारी करणे, तो या पुरुषाने आचरून दाखविला.

त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा मंजूर झाला. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळिले होते. त्यावर उपाय म्हणून पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस हा कायदा प्रथम लागू झाला. त्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. एकाने न्यायाधीशास अधिकार दिला, नव्हे कर्तव्य लाविले, की केवळ रोख्यावरील सही-अंगठा पाहून निकाल न देता देवघेवीचा प्रारंभापासूनचा इतिहास तपासावा आणि ऋणकोची जबानी ऐकावी. दुसऱ्याने असे ठरविले की दावा कोर्टात येण्यापूर्वी उभयपक्षांस समेट करविणाऱ्या मध्यस्थापुढे बसविले जावे. या कायद्याखालील कामात रानड्यांनी प्रथम साहाय्यक म्हणून आणि पुढे विशेष न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून दुय्यम कोर्टांची तपासणी केली, आणि १८९३ साली ते हायकोर्टात गेले ते हा अनुभव गाठीस बांधून. रोखा हा आज्ञार्थ आहे : ‘दे’ एवढेच तो म्हणतो. जबानी ही कैफियत आहे. तीत ‘मी’ आहे, ‘माझ्या बापाने’ आहे, ‘त्या साली पाऊस पडला नाही’ आहे. ज्याला आजवर रोख्याने डमकावून ठेविले होते, त्याला कोर्टाने कर्त्याच्या जागी बसवून बोलते केले, हा त्या कलमाचा मर्मार्थ होय. आणि कायदा सर्वांशी सफल झाला नसला तरी न्यायाच्या कल्पनेत त्याने पाडलेला फरक मोलाचा आहे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. लासलगावच्या बाजारात जो कांद्याचा लिलाव होतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. जो भाव पुकारतात तो संस्कृत. जी बाकी राहते ती अरबी-फारसी. आणि हे सर्व शब्द एकाच ट्रॉलीपुढे उभे राहून एकाच श्वासात बोलले जातात. द्राक्षाच्या बागेत तर मला याहून आनंददायक गोष्ट दिसते. खरड छाटणी आणि गोडी छाटणी हे आपले शब्द. त्यांच्या शेजारी ‘थिनिंग’ आणि ‘डिपिंग’ येऊन बसले आहेत. ‘आमचं थिनिंग झालं, उद्या डिपिंग करायचंय,’ असे बागाईतदार आणि बागेत राबणाऱ्या बाया म्हणतात, तेव्हा इंग्रजी क्रियापद पुनः एकदा उसने घेतलेले असते. परंतु या वेळी ते हुकूम म्हणून आलेले नसते, काम म्हणून आलेले असते, आणि ‘करणे’ या आपल्या सर्वसमर्थ क्रियापदाच्या आधाराने ते प्रथम पुरुषात बोलले जाते. काम करणाराच त्या शब्दाचा कर्ता आहे. शुद्धतेच्या आग्रहाने या शब्दांस हाकलून लावावे असे मला वाटत नाही. ‘विरळणी’ हा सुंदर शब्द आपल्याजवळ आहे, तो ज्याला रुचेल त्याने वापरावा, पण घाम गाळून मिळविलेला शब्द परका नसतो.

म्हणून या व्याख्यानाच्या अखेरीस माझी निफाडकरांस एक विनंती आहे. दाते-कर्व्यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढिले. परंतु कोश कितीही मोठा झाला तरी प्रत्येक तालुक्याच्या बोलीला त्यात पुरेशी जागा मिळत नाही, आणि या भागातील चाळीवरचे, बागेतले, पाटपाण्याचे, बाजार आवारातले, गोठ्यातले शेकडो शब्द अद्याप कागदावर आलेले नसावेत. पोळ, रांगडा आणि उन्हाळ कांद्याच्या हाताळणीची क्रियापदे, पाण्याची पाळी धरण्याची भाषा, नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाकाठी मासे धरणाऱ्यांचे आणि पाखरे ओळखणाऱ्यांचे शब्द, बांधावर काम करणाऱ्या स्त्रियांचे वाक्प्रचार, हे येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावेत. टिपताना प्रत्येक शब्दासोबत तो ज्याच्या कामातून आला त्या माणसाचे पुरते वाक्य, त्याच्याच तोंडचे, लिहून घ्यावे. आणि प्रारंभ ज्यांना आजवर कोणी विचारले नाही त्यांच्यापासून करावा. मराठीस विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत स्थान मिळावे म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. विद्यापीठात मराठी आली. आता मराठीच्या कोशात निफाडचा राबणारा मनुष्य कर्ता म्हणून आला पाहिजे. ते काम कोणत्याही सरकारी हुकमाने व्हावयाचे नाही. समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत दम धरून ऐकणारी पंचवीस-तीस तरुण मुलेमुली त्यास पुरेत, आणि अशी मुलेमुली या सभागृहात आज बसलेली मला दिसत आहेत.